बर्फाची घासाघीस

माझं काम बर्फ किती पडेल हे सांगण्याचं आहे आणि मी राहते सिंगापूरला. एवढं एक वाक्य कुठल्याही मराठी घरात बोलले की पुढे काय येणार ते मला तोंडपाठ आहे. कोणीतरी म्हणतं, "मग गोळेवाल्यांची सोय झाली." कोणीतरी म्हणतं, "इथे बर्फ फक्त फ्रीजरमध्ये. तिथला अंदाज तर मीही सांगेन." सगळे हसतात, मीही हसते. पहिली दोन-तीन वर्षं मी नीट समजावून सांगत असे. आता पोह्यांची बशी पुढे सरकवते आणि विषय बदलते.

खरं तर समजायला अवघड काही नाही. जपानच्या उत्तरेला होक्काइडो नावाचं मोठं बेट आहे. हिवाळ्यात सैबेरियाकडून कोरडी, थंडगार हवा येते, वाटेत समुद्रावरून वाफ उचलते आणि बेटावर पोचली की ती बर्फ म्हणून टाकते. तिथे ट्रक चालवणाऱ्या एका मालवाहतूक कंपनीचं नियोजन सिंगापुरातून चालतं, आणि कुठल्या रस्त्यावर किती बर्फ पडेल हे त्यांना आम्ही रोज सांगतो. आमचं ऑफिस आंग मो किओच्या इंडस्ट्रियल पार्कमध्ये, सर्किट बोर्ड बनवणाऱ्या एका कंपनीच्या वरच्या मजल्यावर आहे. बाहेर अंगाला चिकटणारा उकाडा, आत एसी इतका की खुर्चीवर कायम शाल, आणि पडद्यावर उणे बारा तापमान. नोव्हेंबर ते मार्च हा माझा हंगाम. त्यामुळे डिसेंबरच्या सुट्टीत मला रजा मिळत नाही आणि पडणारा बर्फ मी आजवर फक्त रस्त्यांवरच्या कॅमेऱ्यांतून पाहिला आहे. हे कळलं की लोकांना आणखी आनंद होतो.

आकडा काढणं मात्र कटकटीचं. मॉडेल आम्हाला पाणी किती ते सांगतं. बर्फ किती, हे आपण काढायचं. नवा तांदूळ आणि जुना तांदूळ वाटी-वाटीच घेतला तरी भात सारखा होत नाही, तसंच हे आहे. हवा जेमतेम गोठण्याइतकी गार असली तर बर्फ ओला, जड आणि बसका पडतो. कडक थंडी असली तर तेवढ्याच पाण्याचा बर्फ दुप्पट फुलून येतो. त्यात वारा सुटला तर तो थर उडवून एकीकडे नेऊन साठवतो. हे सगळं जमवून, तासन्‌तास नकाशे पाहून मी म्हणते, "चाळीस ते साठ सेंटिमीटर." आणि समोरचा विचारतो, "नक्की किती?"

आणि नुसतं विचारत नाही. घासाघीस करतो. क्लायंटकडचा नियोजन पाहणारा एक तरुण आहे, वागायला चांगला, पण आकडा मोठा आला की फोन करून म्हणतो, "थर्टी कॅन ऑर नॉट?" आमची बॉस साठीच्या घरातली चिनी बाई आहे. तिने हे इतकी वर्षं ऐकलं आहे की ती मान वर न करता सांगते, "कॅनॉट लाह. स्नो नेव्हर रीड युअर ईमेल." मला ती फार आवडते. पण प्रत्येक घरात, प्रत्येक ओळखीच्यात माझ्या बाजूने बोलायला ती कुठून येणार?

आपल्याकडे तर हवामानाच्या माणसाची थट्टा करणं हा संस्कारच आहे. वेधशाळेने पाऊस सांगितला की छत्री घरी ठेवायची, हे आम्हा सगळ्यांना पाढ्यांच्या आधी येतं. माझे वडील नागपूरला वीज मंडळात नोकरीला होते. रेडिओवर मुसळधार पावसाचा इशारा आला की ते आईला हाक मारून सांगायचे, "पापड वाळत घाल." मी हवामानशास्त्रात पीएचडी केली, परदेशात नोकरी मिळाली, त्यांनी पेढे वाटले, विहारात सगळ्यांना सांगितलं. पापडांचा विनोद मात्र चालूच राहिला. मी घरात असताना तर मुद्दाम, जरा मोठ्या आवाजात.

दुसरी गोष्ट म्हणजे बाबांची घासाघीस. भाजी असो, चप्पल असो, रिक्षा असो, समोरच्याने सांगितलेली पहिली किंमत खरी मानायची म्हणजे आपण मूर्ख ठरलो, असा त्यांचा हिशेब. "शेवटचं बोला," असं म्हणून ते वळतात आणि चार पावलं चालतात. मागून हाक येतेच. गेल्या हिवाळ्यात ते आमच्याकडे राहायला आले, तेव्हा बेडोकच्या मार्केटमध्येही त्यांनी हे करून पाहिलं. मासे विकणाऱ्या चिनी मावशींना मराठी येत नव्हतं, बाबांना चिनी येत नव्हतं. बोटं दाखवून झाली, मान हलवून झाली, बाबा चार पावलं चालले. हाक आली नाही. ते स्वतःच परत आले, तेव्हा मावशींनी हसत हसत कांद्याच्या पातीची एक जुडी पिशवीत टाकली. घरी येऊन त्यांनी ती जुडी मला ट्रॉफीसारखी दाखवली.

त्याच डिसेंबरमध्ये आमच्या कॉन्डोमधल्या तीन मराठी कुटुंबांनी होक्काइडोची ट्रिप ठरवली. मुलांना बर्फ दाखवायचा होता. माझा नवरा, आमची दहा वर्षांची मुलगी आणि बाबा जाणार, मी नाही. ट्रिपच्या ग्रुपवर मला मात्र घेतलं, कारण उघड होतं. "वहिनी, बर्फ असेल ना?" हा प्रश्न सुटीच्या आधी इतक्या वेळा आला, जणू मी केटरिंग पाहत होते. बर्फ हवा, पण फार नको, फोटो काढायच्या वेळी हवा आणि गाडी चालवताना नको, अशी साधारण मागणी होती.

ते गेले आणि पहिल्याच वेळी माझं नाक कापलं गेलं. मी सांगितलं होतं की दुसऱ्या दिवशी त्यांच्या गावात दहा सेंटिमीटर पडेल. ढगांचा पट्टा जरा उत्तरेला सरकला आणि दहाचे पंधरा झाले, पण शेजारच्या खोऱ्यात. आमच्या धंद्यात याला उत्तम अंदाज म्हणतात. घसरगाडी घेऊन हॉटेलच्या दारात उभ्या असलेल्या मुलीला हे कसं सांगणार? तिने व्हिडिओ कॉलवर कोरडा रस्ता दाखवला. "आई, यू सेड गॉट स्नो. व्हेअर गॉट?" मागे सगळे हसत होते. बाबाही.

त्यानंतर दोन दिवसांनी वादळ दिसायला लागलं. जपानच्या समुद्रावर कमी दाबाचं एक क्षेत्र झपाट्याने खोल होत होतं. एरवी आमची मॉडेलं एकमेकांशी भांडत असतात. या वेळी सगळी एकच गोष्ट सांगत होती, आणि मला अशा एकमताचीच भीती वाटते. थंडी कडक होती, बर्फ फुलणार होता, आणि सोबत असा वारा होता की गाडीच्या काचेतून स्वतःच्या गाडीचं नाकसुद्धा दिसू नये. बेटाच्या मधल्या घाटरस्त्यावर परवा सकाळी दहाच्या सुमारास सुरू होऊन संध्याकाळपर्यंत चाळीस ते साठ. आणि परवा सकाळी याच घाटातून आमच्या लोकांची भाड्याची गाडी पलीकडच्या शहरात जाणार होती. तिथल्या प्राणिसंग्रहालयात पेंग्विन रस्त्यावरून चालत जातात आणि ते मुलांना दाखवायचं कबूल केलं होतं.

मी आधी क्लायंटचा अंदाज पाठवला. ठरल्याप्रमाणे फोन आला, "थर्टी-फाइव्ह कॅन?" बॉसने ठरलेलं उत्तर दिलं. तासाभरात त्यांनी त्या रस्त्यावरचे सगळे ट्रक थांबवायचं ठरवलं. एका परक्या माणसाने, ज्याला मी समोरासमोर कधी भेटलेलेही नाही, माझ्या शब्दावर ट्रकांचा ताफा उभा केला. मग मी जेवणाच्या सुट्टीत पॅन्ट्रीत जाऊन आपल्या माणसांना फोन लावला.

ते सगळे हॉटेलच्या एका खोलीत मॅगी खात बसले होते. मी सांगितलं, "परवा घाटात जाऊ नका. चाळीस ते साठ सेंटिमीटर बर्फ पडणार आहे आणि वारा वाईट आहे. पुढे काहीच दिसणार नाही. आहात तिथेच थांबा."

"साठ जास्त होतंय हो, वहिनी," एकजण म्हणाले. हे मुंबईचे, आमच्याच मजल्यावर राहतात. "परवाचे दहा अजून यायचेत तुमच्याकडून. ते वजा करा."

खोली हसली. दुसरे म्हणाले, "माझ्या अ‍ॅपमध्ये आठ दाखवतंय. फुकटातलं अ‍ॅप आठ म्हणतं, मग तुमचं एवढं महाग का?"

मी सांगत होते की ते अ‍ॅप शहराचा आकडा देतं, घाटाचा नाही. शहर खाली आहे, घाट वर आहे, ढग येऊन आपटतात ते घाटावर. कोणी ऐकत नव्हतं. मग फोन बाबांच्या हातात आला. टोपी, मफलर, हातात मॅगीची वाटी. ते अगदी प्रेमाने म्हणाले, "हे पाय बेटा, सगळं सोड. शेवटचं किती ते सांग."

त्यावर जो हशा झाला तो मला अजून ऐकू येतो. मी फोन बंद केला. पॅन्ट्रीत सर्किट बोर्डच्या कंपनीतल्या दोन मुली नूडल्स गरम करत होत्या, त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. मला इतका राग आला होता की मी डबा न उघडताच तसाच परत पिशवीत ठेवला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नवऱ्याचा फोन आला. तो आयटीतला मॅनेजर आहे, भांडण झालं की तो आकडेमोड करतो. म्हणाला, "आम्ही सगळ्यांनी बसून ठरवलं. तू साठ म्हणतेस, अ‍ॅप आठ म्हणतंय. मधला धरला तर तीस-पस्तीस. गाडीला विंटर टायर आहेत, लवकर निघू, सावकाश जाऊ."

"ही काय मेथीची जुडी आहे का, मध्ये तोडायला?" मी ओरडले. "तिथे एक तर चाळीस पडेल नाहीतर साठ. तुझा पस्तीस कोणाच्या घरचा?"

"तू नेहमी थोडं वाढवूनच सांगतेस ना," तो म्हणाला. "काळजीपोटी. मला माहीत आहे."

हे मात्र मला लागलं. मी कधीच वाढवून सांगत नाही. वाढवून सांगितलं तर माझं काम ते काय उरलं? त्या क्षणी मनात आलं की सांगावं, नवीन आकडा आलाय, दीड मीटर. मग ते घासत घासत सत्तरवर येतील आणि घाबरून खोलीत बसतील. तोंडावर आलं होतं. पण कालच मी ट्रकवाल्यांना चाळीस ते साठ दिला होता, आणि परक्यांना खरं आणि घरच्यांना खोटं असं मला करता येईना. मी पुन्हा तेच सांगितलं, चाळीस ते साठ. नवरा म्हणाला, "बरं, पाहू."

मग मी बाबांना वेगळा फोन केला. ग्रुप नाही, हसणारं कोणी नाही, फक्त ते आणि मी. म्हटलं, "बाबा, तुम्ही तरी ऐका. तुमचं वय काय, तुम्हाला ब्लड प्रेशरच्या गोळ्या आहेत. गाडी घाटात अडकली तर तास न्‌ तास बसून राहावं लागेल. मदतसुद्धा पोचणार नाही."

"अगं, सगळे जाऊन राहिले, मी एकटा मागे राहून काय करू?" ते म्हणाले. "पोरांनी कालपासून पेंग्विन पेंग्विन लावलंय. लोकांचा बेत मोडायचा का?"

"मी आयुष्यभर हेच शिकले, बाबा. हेच एक येतं मला."

"हो ना बेटा. माहीत आहे ना मला. तू जेव आता."

मला जेवण गेलं नाही. मी खिडकीपाशी बसून पावसात चकाकणारा कार पार्क पाहत राहिले. स्वतःचा इतका राग आला. पंधरा वर्षं ज्या विषयात घालवली त्यातलं एक वाक्य मला माझ्या बापाला पटवता येत नव्हतं, मग त्या पंधरा वर्षांचं करायचं काय?

सकाळी एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, उभी असताना ग्रुपवर निरोप आला. आजचं जाणं रद्द. काकांचा, म्हणजे माझ्या बाबांचा, गुडघा रात्रीपासून धरलाय, पाय खाली टेकवत नाही. खाली लागोपाठ निरोप. काका, आराम करा. काका, गरम पाण्याची पिशवी मागवली आहे. काकांना सोडून आम्ही कसे जाणार, पेंग्विन काय पुढच्या वर्षीही चालतील. मुंबईकरांनी तर स्वतःजवळचा नी-कॅप नेऊन दिला होता. कोणी विचारलं नाही की नक्की किती दुखतोय. कोणी म्हटलं नाही की जरा कमी करा. माझ्या साठ सेंटिमीटरला जे जमलं नाही ते एका गुडघ्याने केलं होतं.

आणि मी काय केलं? त्या गच्च भरलेल्या डब्यात मी एकटीच हसू लागले. मला सगळं स्वच्छ कळलं होतं. लोकांसमोर लेकीची बाजू घेणं बाबांना जमलं नसेल, त्यांच्या पिढीला ते अवघडच जातं. म्हणून त्यांनी गुडघ्याचं नाटक केलं होतं. म्हणजे त्यांचा माझ्यावर विश्वास होता. डोळे भरून आले, तेव्हा शेजारच्या आजीबाईंनी मला टिश्यूचं पाकीट दिलं.

बर्फ वेळेवर आला. साडेदहाला घाटातले कॅमेरे करडे झाले, अकराला पांढरे, आणि दुपारी रस्ताच बंद केला. त्याआधी वर चढलेल्या गाड्या जागच्या जागी गाडल्या गेल्या. त्यातल्या माणसांना दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत बाहेर काढत होते. इंजिन चालू ठेवलं तर एक्झॉस्ट पाइपवर बर्फ साचून आत विषारी धूर भरतो, बंद ठेवलं तर गोठायला होतं. त्या रांगेत आमची गाडी असती. मी शाल घट्ट गुंडाळून पाहत बसले होते. संध्याकाळी आकडा आला, पन्नासच्या जरा वर. क्लायंटचा एकही ट्रक अडकला नाही. बॉसने माझ्या टेबलावर कोपीचा, म्हणजे इथल्या दाट कॉफीचा, कप आणून ठेवला.

ग्रुपवर हॉटेलच्या दारातले फोटो आले, गुडघाभर बर्फात मुलं. खाली मुंबईकरांनी लिहिलं होतं, वेधशाळेपेक्षा काकांचा गुडघा बरा, वादळ आधीच ओळखलं. त्यावर हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग. कोणीतरी गुडघ्याला हवामान खात्याची टोपी घातलेलं चित्रही करून टाकलं. माझ्या नवऱ्याने त्याला अंगठा दिला. एरवी मी दोन दिवस कोणाशी बोलले नसते. या वेळी राग आला नाही, कारण मला वाटत होतं की खरं काय ते मला आणि बाबांनाच माहीत आहे.

ते परत आले, बॅगा उघडल्या, कपडे धुऊन झाले. एका संध्याकाळी नवरा आणि मुलगी खाली पोहायला गेले होते. बाबा सोफ्यावर पाय लांब करून बसले होते आणि मी वाटीत तेल गरम करून आणलं. इतक्या दिवसांत आम्ही दोघंच असे पहिल्यांदाच बसत होतो. मी तेल चोळता चोळता म्हटलं, "बाबा, थँक्यू हं."

"काहून?"

"त्या दिवशी गुडघ्याचं कारण काढून तुम्ही सगळ्यांना थांबवलंत ना."

त्यांना खरोखरच काही कळलं नव्हतं. "कारण कशाचं बेटा? दुखून राहिला होता तो. रात्रभर झोप नाही आली मला. आता तेल कशाला लावून राहिली तू मग?"

मी हात थांबवला. त्यांच्या गुडघ्यावर खरीच सूज होती, बोटांखाली मऊ लागत होती, आणि मी ती इतका वेळ चोळत असूनही पाहिली नव्हती.

"आणि दुखत नसता तर?" मी विचारलं.

बाबांनी विचार केला. ते खोटं बोलत नाहीत, भाव करताना सोडून. "गेलो असतो ना," ते म्हणाले. "सगळे जाऊन राहिले होते."

मी पुन्हा तेल घेतलं आणि जरा जास्तच जोर लावून चोळू लागले.

"हळू, बेटा," ते म्हणाले.